आर टू बी टोचल्यानंतर पाचव्या दिवशी मरतूक: लसीचा विषाणू की बाहेरचा?

मे महिना, परभणी जिल्ह्यातले एक खेडे, दोन शेडमध्ये मिळून ३,००० गावरान संकरित पक्षी. ‘अ’ शेडमधल्या १,८०० पक्ष्यांना वयाच्या ५६व्या दिवशी कोंबड्यांच्या रानीखेत (मानमोडी) या विषाणूजन्य रोगावरची आर टू बी लस टोचली. ६१व्या दिवशी ४ पक्षी मेले, ६२व्या दिवशी ११, ६३व्या दिवशी २९, ६४व्या दिवशी ६७. मालकाने हिशेब सरळ मांडला: “डॉक्टर साहेब, सुई लागली अन् पक्षी पडायला लागले. लसीनंच मारलं.” प्रयोगशाळेचा पहिला अहवाल आला तेव्हा त्यात ‘तीव्र प्रकारचा रानीखेत विषाणू’ असा शेरा होता. लस विकणाऱ्याने तोच कागद उचलून धरला, की विषाणू तीव्र आहे म्हणजे तो बाहेरचाच. खरे तर त्या कागदावरून दोघांपैकी कुणाचेच म्हणणे सिद्ध होत नव्हते. का होत नव्हते आणि मग कशाने झाले, हाच या प्रकरणाचा गाभा आहे.

हे शेड नमुन्यादाखल घेतले आहे. मराठवाड्यात उन्हाळ्यात वारंवार दिसणाऱ्या गोष्टी एका ठिकाणी आणल्या आहेत आणि शेडवरचे आकडे त्या प्रसंगाला साजेसे धरले आहेत. विषाणू, लसी आणि चाचण्या यांची माहिती मात्र जशी आहे तशीच दिली आहे.

कळपाला काय काय दिले होते

पिल्ले एकाच हॅचरीतून एकाच दिवशी आलेली. मरेक्स या रोगाची लस हॅचरीत झालेली. ७व्या दिवशी लासोटा, म्हणजे रानीखेतचीच सौम्य जिवंत लस, डोळ्यात थेंब. १४व्या दिवशी गंबोरो या रोगाची लस. २८व्या दिवशी लासोटाचा दुसरा डोस, पिण्याच्या पाण्यातून. ५६व्या दिवशी आर टू बी, कातडीखाली अर्धा मिली. कागदावर या वेळापत्रकात खोट काढता येत नाही.

‘ब’ शेडमध्ये १,२०० पक्षी होते. त्यांना त्याच दिवशी टोचायचे होते, पण दुपारी ऊन चढले आणि काम राहिले. त्यांच्यासाठी आणलेल्या, त्याच बॅच क्रमांकाच्या कुपी न फोडता फ्रिजमध्ये राहिल्या. निदानाच्या दृष्टीने हे राहणे फार मोलाचे ठरले.

५६व्या दिवसाबद्दल आणखी दोन नोंदी मिळाल्या. टोचणारी माणसे आदल्या दिवशी दुसऱ्या गावातल्या शेडवर होती आणि सिरिंज तीच होती. संध्याकाळी व्यापाऱ्याची गाडी नर उचलायला आली. तिच्यातले क्रेट आठवडी बाजारातून थेट आलेले होते, धुतलेले नव्हते.

आधी बर्ड फ्लू बाजूला काढणे

जानेवारी २०२१ मध्ये परभणी तालुक्यातल्या मुरुंबा गावात कोंबड्यांमध्ये बर्ड फ्लू निघाला होता, म्हणून या जिल्ह्यात अचानक वाढणारी मरतूक पाहून ‘मानमोडीच असेल’ असे धरून चालत नाही. दोन्ही रोगांत पक्षी झटपट मरतात, दोन्हींत श्वासाला त्रास होतो, हगवण लागते. तुरा निळा पडणे, डोके सुजणे, पायाच्या नळीवर रक्ताचे चट्टे दिसणे ही बर्ड फ्लूची लक्षणे म्हणून सांगतात, पण ती प्रत्येक कळपात दिसतीलच असे नाही.

म्हणून ६२व्या दिवशीच तालुक्याच्या पशुधन विकास अधिकाऱ्यांना कळवले गेले. २००९ च्या प्राण्यांमधील संसर्गजन्य रोग प्रतिबंध व नियंत्रण कायद्याने असे कळवणे बंधनकारक आहे. १९६२ या टोल फ्री क्रमांकावरही सांगता येते. नमुने खात्यामार्फतच जातात. बर्ड फ्लूची अंतिम खात्री भोपाळच्या उच्च सुरक्षा प्रयोगशाळेत होते. उत्तर येईपर्यंत पक्षी, अंडी, खत, रिकामी पोती, काहीच बाहेर जाऊ द्यायचे नाही. मेलेले पक्षी पिशवीत घालून एसटीने जिल्ह्याच्या ठिकाणी पाठवायची सवय अजून दिसते. ती सोडलीच पाहिजे, कारण वाटेत जिथे जिथे ती पिशवी ठेवली जाते तिथे विषाणू उतरतो. या कळपात बर्ड फ्लूचे नमुने नकारार्थी आले.

शवविच्छेदन किती सांगते

‘अ’ शेडमधले जिवंत पक्षी मान टाकून बसलेले, पंख पडलेले, तोंड उघडून श्वास घेणारे. विष्ठा हिरवट पांढरी आणि पातळ. ६३व्या दिवसापासून काहींच्या माना पिळल्यासारख्या वळलेल्या. पाच ताजे मृत पक्षी उघडले. चौघांच्या ग्रंथिल जठरात ग्रंथींच्या टोकांवर रक्ताचे ठिपके होते, तिघांत सीकमच्या (आंधळ्या आतड्याच्या) टॉन्सिल सुजून रक्ताळलेल्या आणि लहान आतड्यात बाहेरूनच जाणवतील असे बटणासारखे व्रण.

आर टू बी ही मध्यम तीव्रतेची जिवंत लस आहे. लासोटाचा पाया नीट बसला नसेल तर ती टोचल्यावर साधारण आठवडाभरात काही पक्षी लुळे पडतात, थरथरतात, थोडे मरतातही. म्हणूनच ती सहा आठवड्यांच्या आत देत नाहीत, लासोटा न दिलेल्या पक्ष्यांना देत नाहीत आणि अंड्यावरच्या पक्ष्यांनाही देत नाहीत. मात्र जठरातला रक्तस्राव आणि आतड्यातले व्रण असे ठळकपणे, इतक्या पक्ष्यांत दिसणे हे लसीच्या प्रतिक्रियेचे चित्र नव्हे. मरतूक दररोज दुपटीहून जास्त वाढणे हेही नव्हे. त्यामुळे संशय बाहेरच्या विषाणूकडे झुकत होता, पण वेळ पाहिली तर लसीवर बोट ठेवणेही सोपे होते. रानीखेतचा उबवण काळ २ ते १५ दिवसांचा, बहुतेक वेळा ५-६ दिवसांचा असतो. म्हणजे विषाणू ५६व्या दिवशीच शिरला असेल तर तो आणि लसीची प्रतिक्रिया एकाच दिवशी समोर येणार.

कोणता नमुना कुठून घेतला

बहुतेक प्रकरणे इथेच फसतात. सगळे अवयव एकाच डबीत कोंबले की नंतर कितीही चांगली चाचणी केली तरी उत्तर गढूळच येते. इथे नमुने वेगवेगळे ठेवले:

पहिला, ‘अ’ शेडमधल्या तीन मृत पक्ष्यांचा मेंदू. कवटी उघडण्याआधी हत्यारे बदलली, म्हणजे आतड्यातला विषाणू मेंदूच्या नमुन्याला लागणार नाही.

दुसरा, त्याच पक्ष्यांची प्लीहा आणि सीकमच्या टॉन्सिल.

तिसरा, ‘अ’ शेडमधल्या पाच धडधाकट दिसणाऱ्या पक्ष्यांच्या घशाचे आणि गुदद्वाराचे स्वॅब.

चौथा, ‘ब’ शेडमधल्या पाच निरोगी पक्ष्यांचे तसेच स्वॅब आणि २० पक्ष्यांचे रक्त, सीरमसाठी.

पाचवा, फ्रिजमधली आर टू बीची न फोडलेली कुपी.

अवयवांचे हरभऱ्याएवढे तुकडे प्रतिजैविक घातलेल्या वाहक द्रावणात, बर्फावर, त्याच दिवशी रवाना. फॉर्मेलिनमधला तुकडा सूक्ष्मदर्शकाच्या तपासणीसाठी चालतो, पण त्यातून विषाणू वाढवता येत नाही आणि आरएनएही तुटतो. कुपी पाठवायचे सहसा कुणाला सुचत नाही. पण ज्या लसीवर संशय आहे ती लस समोर असल्याशिवाय तुलना कशाशी करणार?

‘तीव्र’ हा शेरा कशावरून मिळतो

रानीखेतच्या विषाणूच्या पृष्ठभागावर एफ नावाचे प्रथिन असते, ५५३ अमिनो आम्लांचे. ते अखंड तयार होते, पण पेशीत शिरकाव करण्यासाठी ११६ आणि ११७ या जागांच्या मधोमध कापले जावे लागते. कापणारी विकरे पक्ष्याच्या शरीरातली. कोणते विकर कापू शकेल हे ११२ ते ११७ या सहा जागांवर ठरते.

लासोटात या जागांवर ग्लायसिन, आर्जिनिन, ग्लुटामिन, ग्लायसिन, आर्जिनिन, ल्युसिन असा क्रम आहे. हा क्रम कापणारी ट्रिप्सिनसारखी विकरे श्वासनलिकेत आणि आतड्यात असतात, म्हणून लासोटा तिथेच वाढतो आणि तिथेच थांबतो. तीव्र विषाणूंत सहसा आर्जिनिन, आर्जिनिन, ग्लुटामिन, लायसिन, आर्जिनिन, फेनिलअ‍ॅलॅनिन असा क्रम असतो. हा क्रम फ्युरिन नावाचे विकर कापते आणि फ्युरिन जवळजवळ प्रत्येक पेशीत आहे. म्हणून असा विषाणू मेंदू, प्लीहा, जठर, सगळीकडे पोचतो. आंतरराष्ट्रीय निकषही यावरच उभा आहे: ११३ ते ११६ मध्ये किमान तीन आर्जिनिन किंवा लायसिन आणि ११७ वर फेनिलअ‍ॅलॅनिन असेल तर विषाणू तीव्र धरायचा.

आता मुद्द्याची गोष्ट. आर टू बी ही लस १९४० च्या दशकात मुक्तेश्वरला तयार झालेल्या मध्यम तीव्रतेच्या विषाणूपासून येते आणि तिच्या एफ प्रथिनातला क्रमही आर्जिनिन, आर्जिनिन, ग्लुटामिन, लायसिन, आर्जिनिन, फेनिलअ‍ॅलॅनिन असाच आहे. निकष लावला तर लसही तीव्रच ठरते. एका दिवसाच्या पिलांच्या मेंदूत टोचून काढतात त्या निर्देशांकातही, ज्याची वरची मर्यादा २.० आहे, ०.७ किंवा त्याच्या पुढे गेला की विषाणू तीव्र समजतात. मध्यम तीव्रतेचे विषाणू त्या रेषेच्या पुढेच पडतात.

युरोप-अमेरिकेत लासोटासारख्या सौम्य लसी वापरतात. तिथे कापण्याच्या जागेवर तीव्र क्रम सापडला की प्रश्न मिटला, विषाणू बाहेरचा. आपल्याकडे आर टू बी टोचलेल्या कळपात हा नियम लागू पडत नाही. तरी कित्येक अहवाल तेवढ्यावरच थांबतात आणि पाठवणाऱ्याने फॉर्मवर ‘लसीकरण केले आहे’ एवढेच लिहिलेले असते, कोणती लस आणि कोणत्या दिवशी ते नाही. ६६व्या दिवशी आलेला पहिला अहवाल असाच होता. एका ठिकाणचे आडनाव जुळले म्हणून घराणे एक होत नाही. कूळ पाहायचे तर आणखी मागे जावे लागते.

पुढची पायरी: क्रमवाचन

एफ प्रथिनाचे जनुक, म्हणजे एफ जनुक, एकूण १,६६२ अक्षरांचे (न्यूक्लिओटाइडचे). नेहमीच्या कामासाठी त्यातला ४७ ते ४२० हा ३७४ अक्षरांचा तुकडा वाचला जातो, कारण कापण्याची जागा त्यातच येते आणि शेजारच्या अक्षरांवरून जिनोटाइपचा, म्हणजे विषाणूच्या जनुकीय कुळाचा, अंदाज बांधता येतो. जिनोटाइप पक्का करायचा तर पूर्ण एफ जनुक वाचावे लागते. २०१९ पासून रूढ झालेल्या वर्गीकरणात दोन जिनोटाइपमधले सरासरी अंतर या पूर्ण जनुकात किमान १० टक्के असावे लागते.

लासोटा जिनोटाइप दोनमध्ये बसतो, आर टू बी तीनमध्ये. भारतात कोंबड्यांच्या साथींतून जे तीव्र विषाणू मिळतात त्यांत जिनोटाइप तेरा ठळक आहे, सातही सापडला आहे. तीन आणि तेरा यांच्यात १० टक्केच अंतर धरले तरी ३७४ अक्षरांत सुमारे ३७ ठिकाणी फरक पडतो. त्यातले बरेच फरक ‘मुके’ असतात, म्हणजे अक्षर बदलते पण अमिनो आम्ल तेच राहते. म्हणून फक्त अमिनो आम्लांचा क्रम पाहणाऱ्याला दोन्ही विषाणू सारखे वाटतात आणि अक्षरे वाचणाऱ्याला वेगळे दिसतात.

आणखी एक खूण एफ जनुकाच्या बाहेर आहे. जुन्या जिनोटाइपचा, ज्यांत दोन आणि तीन येतात, पूर्ण जनुकसंच १५,१८६ अक्षरांचा. तेरा आणि सातचा १५,१९२ अक्षरांचा. जादाची सहा अक्षरे एनपी या दुसऱ्या एका जनुकाच्या शेवटी, प्रथिनात न उतरणाऱ्या भागात घुसलेली आहेत. या विषाणूच्या जनुकसंचाची लांबी सहाच्या पटीतच असावी लागते, नाहीतर तो नीट वाढत नाही. म्हणून भरही सहाचीच. तेवढा भाग वाचला तरी लस आणि बाहेरचा विषाणू यांत फरक करता येतो आणि एफ जनुकाच्या निकालाला स्वतंत्र पुरावा मिळतो.

पाच नमुन्यांची उत्तरे अशी आली. कुपीतला विषाणू जिनोटाइप तीन, अपेक्षेप्रमाणे. ‘अ’ शेडच्या मेंदूत जिनोटाइप तेरा, स्वच्छ. धडधाकट पक्ष्यांच्या स्वॅबमध्ये जिनोटाइप तीन, कुपीशी अक्षरन् अक्षर जुळणारा. म्हणजे ते पक्षी टोचलेली लस बाहेर टाकत होते, एवढेच. ‘ब’ शेडचे स्वॅब नकारार्थी.

प्लीहा आणि टॉन्सिलच्या नमुन्याचा आलेख मात्र बघण्यासारखा होता. क्रमवाचनाच्या यंत्रातून प्रत्येक अक्षराला एका रंगाचे एकच शिखर यायला हवे. इथे आठ-दहा अक्षरे नीट यायची आणि मग एका जागी दोन रंगांची दोन शिखरे एकावर एक. कापण्याच्या जागेपाशीही अमिनो आम्ल न बदलणाऱ्या अक्षरावर अशी जोडी होती. संगणक अशा जागी मोठे शिखर निवडतो आणि लहान टाकून देतो. त्यामुळे छापून येणारा क्रम काही जागी लसीचा आणि काही जागी बाहेरच्या विषाणूचा, म्हणजे प्रत्यक्षात नसलेल्याच विषाणूचा असतो. असा क्रम वंशवृक्षात टाकला की तो दोन फांद्यांच्या मधोमध लोंबकळतो आणि ‘नवीन संकरित विषाणू सापडला’ किंवा ‘लसीचा विषाणू बदलला’ अशी चुकीची वाक्ये लिहिली जातात. जोडशिखरे कुपीच्या आणि मेंदूच्या क्रमाशी ताडून पाहिली तेव्हा प्रत्येक जोडीत एक अक्षर कुपीतले आणि दुसरे मेंदूतले निघाले. त्या अवयवांत दोन्ही विषाणू एकाच वेळी होते. मूळ आलेखाची फाइल मागून घ्यावी असा आग्रह यासाठीच. नुसत्या अक्षरांच्या ओळीत हे दिसत नाही.

लसच बिघडून तीव्र झाली असेल का, हा मालकाचा प्रश्न रास्त होता आणि त्याचे उत्तर गणितात आहे. तीव्र रानीखेत विषाणूत वर्षाला दर हजार अक्षरांमागे साधारण एक ते दीड बदल टिकतो. ३७४ अक्षरांत वर्षाला जेमतेम अर्धा. ३७ बदल साचायला साठ-सत्तर वर्षे तरी हवीत. पाच दिवसांत आर टू बीचा जिनोटाइप तेरा होणे शक्य नाही. ६७व्या दिवशी ‘ब’ शेडमध्येही मरतूक सुरू झाली. तिथल्या मृत पक्ष्यांच्या मेंदूतही तोच जिनोटाइप तेरा होता आणि लसीचा मागमूस नव्हता. या पक्ष्यांना सुई लागलेलीच नव्हती.

हे क्रमवाचनाचे उत्तर हाती आले ७५व्या दिवशी. शेडवरचे निर्णय तोवर थांबवता येत नव्हते आणि थांबवलेही नाहीत.

विषाणू आला तरी कळप इतका का बळी पडला

‘ब’ शेडमधून ६३व्या दिवशी, म्हणजे रोग तिथे दिसण्याआधी घेतलेल्या २० सीरमची एचआय चाचणी, म्हणजे रक्तातल्या प्रतिपिंडांची पातळी मोजणारी चाचणी, केली. २ च्या घातांकात मोजलेल्या पातळ्या अशा: ५ पक्ष्यांत ० किंवा १, ४ पक्ष्यांत २, ४ पक्ष्यांत ३, ३ पक्ष्यांत ४, ३ पक्ष्यांत ५, एकात ६. कळपात साथ पसरू नये यासाठी किमान ८५ टक्के पक्ष्यांत ही पातळी ३ किंवा त्याहून वर लागते. इथे २० पैकी ११, म्हणजे ५५ टक्के. पक्ष्यापक्ष्यांतला हा मोठा फरकच सांगतो की दुसरा लासोटा सगळ्यांच्या पोटात सारखा गेला नाही. मालकाशी बसून २८व्या दिवसाचा तपशील काढला तेव्हा तो धागा सापडला.

बोअरचे पाणी छपरावरच्या टाकीत, टाकीत नेहमीप्रमाणे टीसीएल (क्लोरीनची) पावडर. लस थेट त्याच टाकीत, २०० लिटर पाण्यात. सकाळी नऊला पाणी सोडले. पक्ष्यांना आधी चार तास तहानलेले ठेवले होते. एप्रिलच्या उन्हात इतकी तहान म्हणजे ड्रिंकरवर झुंबड. दांडगे पक्षी पोटभर प्यायले, हलके मागे राहिले. शेवटचे पाणी दुपारी दोनपर्यंत टाकीत होते.

क्लोरीन काही मिनिटांत जिवंत लस मारते. लसीच्या आधी २४ तास आणि नंतर २४ तास टीसीएल बंद हवी आणि पाण्यात लिटरला २.५ ग्रॅम साय काढलेल्या दुधाची पावडर, लस घालण्याआधी २० ते ३० मिनिटे. पाणी किती, तर १,००० पक्ष्यांना वयाच्या दिवसाइतके लिटर, म्हणजे २८व्या दिवशी २८ लिटर; मराठवाड्याच्या एप्रिलमध्ये ४० पर्यंत धरावे. ३,००० पक्ष्यांना १२० लिटर पाणी आणि ३०० ग्रॅम पावडर. उन्हाळ्यात तहान तासाभराचीच, पहाटे, आणि सहाच्या आत लस ड्रिंकरमध्ये. सगळे पाणी एक ते दोन तासांत संपले पाहिजे. ड्रिंकर इतके हवेत की दोन तृतीयांश पक्षी एकाच वेळी पिऊ शकतील. कुपीचे बूच पाण्यात बुडवूनच काढायचे. पाण्यात लसीसाठीचा निळा रंग टाकला असेल तर नंतर ५० पक्ष्यांच्या जिभा उघडून पाहाव्यात. ४५ जिभा निळ्या नसतील तर त्या दिवशी लसीकरण झाले असे वहीत लिहू नये.

५६व्या दिवशीही एक चूक झाली होती, पण या मरतुकीत तिचा वाटा कमी. १,८०० पक्ष्यांसाठी १०० डोसच्या १८ कुपी, प्रत्येकी ५० मिली थंड सलाईनमध्ये, मिळून ९०० मिली. हे माप बरोबर. मात्र सगळ्या कुपी साडेआठला एकदमच विरघळवल्या. तासाला ४०० पक्षी या गतीने शेवटचा पक्षी दुपारी एकला आला. विरघळलेली लस बर्फावर ठेवून दोन तासांत संपवायची असते. दोनच कुपी एका वेळी फोडायच्या. शेवटच्या हजारभर पक्ष्यांना बाहेरच्या ४२ अंशांत ठेवलेल्या द्रावणातून किती जिवंत विषाणू मिळाला असेल, याची खात्री देता येत नाही. त्यातून सुई अख्ख्या शेडला एकच. दर कुपीला सुई बदलली असती तर निदान एका पक्ष्याचे रक्त दुसऱ्याला लागण्याची साखळी तरी तुटली असती.

‘ब’ शेडमध्ये काय केले

मालकाला राहिलेली आर टू बी लगेच टोचून घ्यायची होती. ते अडवले. पाया कच्चा असलेल्या कळपाला मध्यम तीव्रतेची लस टोचली तर प्रतिक्रिया येणार, आणि विषाणू दाराशी असताना सुई घेऊन हजार पक्षी हाताळणे म्हणजे तो स्वतः वाटणे. ६४व्या दिवशी रात्री, गारव्यात, १,२०० पक्ष्यांना लासोटा डोळ्यातून दिला. १,००० डोसच्या कुपीला ३० मिली द्रावक, पक्ष्याला एक थेंब, पक्ष्याने डोळा मिटून थेंब आत घेईपर्यंत हातातून सोडायचा नाही. काम करणारी माणसे ‘अ’ शेडमध्ये पाऊल न टाकलेली, चपला आणि कपडे वेगळे.

शेवटी ‘अ’ शेडमध्ये ७०२ पक्षी गेले, ‘ब’ शेडमध्ये १८६. या फरकाचे सगळे श्रेय तातडीच्या लासोटाला देता येणार नाही. ‘ब’ शेडमध्ये विषाणू उशिरा आला, सुईने पसरला नाही आणि तिथे गर्दीही कमी होती. पण अशा वेळी न टोचण्याचा निर्णय बरोबर होता, यात आम्हाला शंका नाही.

मेलेले पक्षी वस्तीपासून आणि विहिरीपासून लांब सहा फूट खड्ड्यात, चुन्याच्या थरांत. विषाणूला चरबीचे वेष्टन असते, त्यामुळे साबण आणि धुण्याचा सोडाही त्याला मारतो, पण विष्ठेच्या थराखाली कोणतेच औषध पोचत नाही. आधी खरवडणे, मग धुणे, मग फवारणी, या क्रमाला पर्याय नाही. जमिनीवरचा भुसा-विष्ठेचा थर (लिटर) झाकून तीन आठवडे ढिगात, शेड तेवढेच दिवस रिकामे.

लस जुनी झाली का?

क्रमवाचनाचा अहवाल पाहून लगेच येणारा विचार असा: लस जिनोटाइप दोन आणि तीनची, रोग तेराचा, म्हणजे लस निरुपयोगी. हा निष्कर्ष इतका सहज निघतो की त्यावर महागड्या लसी विकल्या जातात. रानीखेतच्या विषाणूचा सीरोटाइप, म्हणजे प्रतिपिंडांना दिसणारा प्रकार, एकच आहे. लासोटाने उभी राहिलेली प्रतिपिंडे तेरालाही पकडतात. पुरेशी प्रतिपिंडे असलेला पक्षी कोणत्याही जिनोटाइपने सहसा मरत नाही. अंतराचा परिणाम दिसतो तो वेगळ्या जागी: लस घेतलेला पक्षी जगतो, पण बाहेरचा विषाणू काही दिवस विष्ठेतून आणि घशातून टाकत राहतो. जिनोटाइप जुळणाऱ्या लसीने हे टाकणे आणखी कमी होते, असे प्रयोगांत दिसले आहे. हा फायदा खरा आहे, दाट वस्तीच्या पोल्ट्री पट्ट्यात तर मोठाच आहे. पण जिनोटाइप सातची लस ‘जुळणारी’ म्हणून देऊ केली तर इथल्या तेराशी ती जुळत नाही, हेही ध्यानात घ्यावे. आणि टीसीएलच्या पाण्यातून दिली तर जुळणारी लसही तशीच वाया जाईल.

म्हणून लासोटा आणि आर टू बी बदलण्याची शिफारस केली नाही. पुढच्या बॅचसाठी बदल असे: ७व्या दिवशी लासोटा डोळ्यातूनच. २८व्या दिवसाचा लासोटाही उन्हाळ्यात डोळ्यातून. दोन शेडला दोन रात्री लागतात, पण ५५ टक्क्यांवर अडकण्यापेक्षा त्या परवडतात. ४९व्या दिवशी २० पक्ष्यांची एचआय. २० पैकी १७ पक्ष्यांत ३ किंवा त्याहून वर पातळी नसेल तर आर टू बी पुढे ढकलून आधी लासोटा पुन्हा. ५६व्या दिवशी आर टू बी, सकाळी सहा ते नऊ, एका दिवशी एकच शेड, सुया आणि सिरिंज शेडच्या मालकीच्या, उकळलेल्या. टोचणीच्या आधी आणि नंतर तीन दिवस व्यापाऱ्याची गाडी फाटकाच्या आत नाही. क्रेट रस्त्यावरच भरायचे. टोचल्यानंतर तीन आठवड्यांनी पुन्हा २० सीरम.

नमुन्याच्या फॉर्मवर लसीचे नाव, प्रकार, बॅच क्रमांक, दिलेला दिवस आणि दिलेली पद्धत लिहावी, आणि ‘अवयव एकत्र करू नयेत, एफ जनुकाचा क्रम आणि मूळ आलेख हवा’ ही ओळ स्वतःच्या हाताने घालावी. आर टू बीच्या प्रत्येक बॅचची एक न फोडलेली कुपी टोचणीनंतर महिनाभर २ ते ८ अंशांत जपून ठेवावी. फ्रिज घरातला असेल तर कुपी वेगळ्या बंद डब्यात, मधल्या कप्प्यात असावी. दारात ठेवली तर लोडशेडिंगच्या दुपारी तिथले तापमान सगळ्यात आधी चढते.